इंजिनचा श्वास मोकळा ठेवा : पीसीव्ही व्हॉल्व्हची तपासणी आणि बदल

व्यापाऱ्याची गाडी म्हणजे त्याच्या दुकानाचाच एक भाग होय. दुकानाला कुलूप लागले तर गल्ला बंद होतो, आणि गाडी उभी राहिली तर माल अडतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी यांसारख्या गावांत कापडाचे तागे, तयार कपडे आणि सुताची पोती लहान पेट्रोल गाड्यांतून इकडून तिकडे जातात. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, तरी जुन्या ओम्नी आजही माल वाहताना दिसतात. २०१० मध्ये आलेली ईको तर अनेकांच्या रोजीचे साधन बनली आहे.

अशी गाडी काही वर्षे चालली की एक तक्रार हमखास सुरू होते. टॅपेट कव्हरच्या कडेने ऑईल पाझरते, गाडी ऑईल पिते, थांबली असता इंजिन थरथरते. गाडी गॅरेजमध्ये नेली की अनेकदा निकाल ऐकू येतो : "बॅक कॉम्प्रेशन मारतेय, रिंग-पिस्टन गेले, इंजिन खोलावे लागेल." ईदच्या सीझनच्या तोंडावर हे ऐकले की व्यापाऱ्याच्या पोटात गोळा येतो. हजारो रुपयांचा खर्च तर असतोच, शिवाय गाडी किती दिवस उभी राहील याचा भरवसा नसतो.

हे निदान काही वेळा अगदी बरोबर असते. परंतु काही वेळा खरा दोषी असतो अंगठ्याएवढा एक व्हॉल्व्ह, ज्याची किंमत इंजिनच्या कामापुढे अगदी किरकोळ असते आणि जो थोडी काळजी घेतली तर घराच्या अंगणात बदलता येतो. हा व्हॉल्व्ह आणि त्याची नळी तपासल्याशिवाय इंजिन खोलण्यास होकार देऊ नये, एवढीच गोष्ट या लेखात आम्ही आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना सांगू इच्छितो.

हा व्हॉल्व्ह काय काम करतो?

इंजिनच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण जळते व त्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी या वायूचा थोडासा भाग त्यांच्या कडेने निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे जिथे क्रँक फिरते आणि ऑईल असते तिथे, उतरतोच. नव्या कोऱ्या इंजिनमध्येही हे घडते. या वायूत न जळलेल्या पेट्रोलची वाफ, पाण्याची वाफ आणि जळणातून निर्माण झालेले आम्लधर्मी वायू असतात.

हे वायू आत कोंडले तर दोन प्रकारे नुकसान करतात. पहिले म्हणजे त्यांचा दाब वाढतो आणि ऑईल सील, पॅकिंग, डिपस्टिक, जिथे वाट मिळेल तिथून ऑईल बाहेर ढकलले जाते. दुसरे म्हणजे पाणी आणि पेट्रोल ऑईलमध्ये मिसळून काळा चिकट गाळ तयार होतो. हा गाळ ऑईलच्या बारीक वाटा बुजवतो आणि इंजिनची झीज वाढवतो.

म्हणून या वायूंना बाहेर काढण्याची व्यवस्था केलेली असते. एअर फिल्टरकडून एक नळी टॅपेट कव्हरला येते, तिच्यातून स्वच्छ हवा आत जाते. दुसरी नळी क्रँककेस किंवा टॅपेट कव्हरपासून निघून इंटेक मेनिफोल्डला जाते. इंजिन चालू असताना मेनिफोल्डमध्ये खेच, म्हणजे व्हॅक्यूम असतो. ती खेच आतले घाणेरडे वायू ओढून घेते व ते पुन्हा सिलिंडरमध्ये जाऊन जळतात. या दुसऱ्या नळीच्या वाटेवर जो पहारेकरी बसवलेला असतो तोच पीसीव्ही व्हॉल्व्ह. त्याच्या पोटात एक लहान दट्ट्या आणि एक स्प्रिंग असते.

पहारेकरी कशाला हवा? कारण मेनिफोल्डची खेच नेहमी सारखी नसते. गाडी एका जागी उभी राहून इंजिन मंद चालत असते तेव्हा खेच सर्वांत जास्त असते, पण निसटणारा वायू कमी असतो. अशा वेळी दट्ट्या खेचला जाऊन वाट अरुंद करतो, नाहीतर मेनिफोल्डमध्ये वाजवीपेक्षा जास्त हवा शिरून इंजिन मिसिंग करू लागेल. गाडी रस्त्यावर वेगाने चालते तेव्हा खेच कमी होते, दट्ट्या मागे सरतो आणि वाट रुंद होते. इंजिन बंद झाले की स्प्रिंग वाट बंद करते. कधी इंजिनने उलटा फटाका मारला तर हाच दट्ट्या ज्वाळेला क्रँककेसमध्ये शिरू देत नाही.

ही व्यवस्था आली कशी?

पूर्वीच्या मोटारींत क्रँककेसमधून एक साधी नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असे व सारा वायू उघड्या हवेत जाई. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांना खोल पाण्यातून जावे लागे. उघड्या नळीतून पाणी इंजिनमध्ये शिरू नये म्हणून तेथे बंदिस्त व्यवस्थेचा उपयोग झाला. पुढे अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर धुरकट हवेचे संकट आले. मोटारीतून बाहेर पडणाऱ्या न जळलेल्या इंधनवायूंपैकी सुमारे पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून नव्हे तर याच नळीतून येतो, असे अभ्यासात दिसून आले. तेव्हा १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या अमेरिकन मोटारींना आणि १९६३ च्या मॉडेलपासून संपूर्ण अमेरिकेत हा व्हॉल्व्ह बसू लागला. मोटारीच्या प्रदूषणावरचा हा पहिला उपाय मानला जातो.

आपल्या देशातही भारत स्टेजच्या नियमांनुसार पेट्रोल गाडीच्या क्रँककेसचा वायू थेट हवेत सोडता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मध्येही ही अट आहे. म्हणजे हा व्हॉल्व्ह इंजिनची आणि शेजाऱ्याच्या फुप्फुसाची, दोघांचीही राखण करतो.

बिघाडाची लक्षणे

व्हॉल्व्ह दोन प्रकारे बिघडतो, आणि दोन्हींची लक्षणे वेगळी आहेत.

व्हॉल्व्ह बंद अवस्थेत चिकटला किंवा नळी गाळाने बुजली तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून आणि ऑईल सीलमधून तेल पाझरते. डिपस्टिक आपोआप वर सरकलेली आढळते. ब्रीदरच्या नळीतून ऑईल उलटे येऊन एअर फिल्टर तेलकट होतो. ओम्नी आणि ईकोमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे गाडीत बसल्या बसल्या जळक्या ऑईलचा वास येऊ लागतो. नवीन सील टाकूनही थोड्याच दिवसांत पुन्हा गळती सुरू झाली, तर सीलला दोष देण्यापूर्वी व्हॉल्व्हकडे पाहावे.

व्हॉल्व्ह उघड्या अवस्थेत अडकला किंवा नळीला चीर पडली तर मेनिफोल्डमध्ये फाजील हवा शिरते. उभ्या गाडीचे इंजिन थरथरते, सिग्नलला बंद पडते, सूं-सूं असा आवाज येतो. इंजेक्शनच्या गाडीत डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागू शकतो. खेच जास्त झाल्यामुळे ऑईलही ओढले जाते व सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो.

ऑईलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर दिसला तर तेही वायू नीट बाहेर न पडण्याचे चिन्ह असू शकते. बाजारपेठेतल्या बाजारपेठेत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत, विशेषतः पावसाळ्यात, इंजिन पुरेसे तापत नाही म्हणूनही असा थर जमतो. मात्र त्यासोबत रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. तो रोग वेगळा आहे आणि त्यात गाडी चालवणे थांबवून मेकॅनिककडेच जावे.

घरच्या घरी तपासणी

तपासणी नेहमी उघड्या जागेत करावी. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. सैल बाही, मफलर, ओढणी, गळ्यातली दोरी या गोष्टी चालू इंजिनच्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवाव्यात. मुलांना जवळ उभे करू नये.

पहिली तपासणी खेचीची. इंजिन मंद चालू असताना व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरमधून अलगद उपसावा, नळी तशीच जोडलेली ठेवावी आणि व्हॉल्व्हच्या मोकळ्या तोंडावर बोट ठेवावे. स्पष्ट खेच जाणवली पाहिजे. खेच मुळीच नसेल तर व्हॉल्व्ह किंवा नळी बुजली आहे.

दुसरी तपासणी कागदाची. व्हॉल्व्ह जागेवर बसवून एअर फिल्टरकडून येणारी नळी टॅपेट कव्हरच्या बाजूने काढावी आणि त्या तोंडावर जाडसर कागदाचा तुकडा धरावा. मिनिटभरात कागद आतल्या बाजूला हळूच चिकटला तर व्यवस्था ठीक आहे. कागद बाहेर ढकलला जात असेल तर आत दाब आहे.

तिसरी तपासणी इंजिन बंद व थंड झाल्यावर. व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवावा. आतला दट्ट्या खट-खट वाजला पाहिजे. वाजला नाही तर व्हॉल्व्ह चिकटला हे नक्की. वाजला म्हणजे तो चांगलाच आहे असे मात्र नव्हे, कारण स्प्रिंग मऊ पडली असली तरी दट्ट्या वाजतो. स्वच्छ नळीचा तुकडा लावून क्रँककेसच्या बाजूने फुंकावे, हवा पार गेली पाहिजे. मेनिफोल्डच्या बाजूने फुंकल्यास हवा अडली पाहिजे. तोंडाने ओढू मात्र कधीही नये. त्यातली वाफ विषारी असते.

सुट्टा भाग घेताना

आपण ग्राहकाला कापडाचा पोत पाहून माल घ्यायला सांगतो. येथे मात्र नुसत्या आकारावर जाऊ नये. दिसायला सारखे दोन व्हॉल्व्ह आतून वेगळे असतात. स्प्रिंगचा ताण आणि छिद्राचे माप प्रत्येक इंजिनला जुळवलेले असते. म्हणून गाडीचे मॉडेल, वर्ष आणि इंजिन क्रमांक सांगूनच, शक्यतो कंपनीच्या पाकिटातला व्हॉल्व्ह घ्यावा. जुना व्हॉल्व्ह सोबत न्यावा.

त्यासोबत तीन वस्तू घ्याव्यात : व्हॉल्व्ह ज्यात बसतो ते रबरी ग्रोमेट, नळी आणि क्लिपा. रबर उष्णतेने कडक होते व काढताना तुटते. नळी ऑईल आणि पेट्रोलची वाफ सोसणारी असावी. पाण्याची किंवा शेगडीची नळी चालत नाही. ती फुगते, आतून सुटते आणि खेचीने चपटी होते.

बदलण्याची कृती

१) गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकाला दगड लावावा, किल्ली काढून खिशात ठेवावी. इंजिन किमान तासभर थंड होऊ द्यावे. जवळ विडी-सिगारेट नको.

२) ओम्नी किंवा ईको असेल तर पुढची सीट उचलावी. टॅपेट कव्हरपासून मेनिफोल्डकडे जाणारी नळी शोधावी. व्हॉल्व्ह तिच्या एका टोकाला असतो. काही इंजिनांत तो टॅपेट कव्हरच्या रबरी ग्रोमेटमध्ये खुपसलेला असतो, काहींत मेनिफोल्डमध्ये आट्यांवर बसवलेला असतो. खात्रीसाठी गाडीचे पुस्तक पाहावे.

३) येथे घाई करू नये. मेनिफोल्डपासून आणखी एक जाड नळी ब्रेकच्या बूस्टरकडे, म्हणजे मोठ्या गोल डब्याकडे जाते. तिला हात लावू नये. पेट्रोलच्या आणि सीएनजीच्या नळ्यांनाही हात लावायचा नाही, त्यांत दाब असतो. ओळख पटली नाही तर काम तेथेच थांबवावे.

४) काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो घ्यावा, म्हणजे कोणते तोंड कुठे होते याचा वाद राहत नाही. आजूबाजूची धूळ कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावी. व्हॉल्व्ह निघाल्यावर ती आत पडता कामा नये.

५) पकडीने क्लिप दाबून मागे सरकवावी. नळी सरळ ओढू नये, आधी थोडी पिळून सैल करावी. व्हॉल्व्ह ग्रोमेटमध्ये असेल तर तोही पिळत पिळत वर काढावा. आट्यांचा असेल तर योग्य मापाच्या पान्याने डावीकडे फिरवावा. ग्रोमेटचे तुकडे झाले तर ते मोजून बाहेर काढावेत.

६) नळी आतून पाहावी. गाळ असेल, चीर असेल किंवा दाबल्यावर कडकड वाजत असेल तर बदलावी. नळी पेट्रोल-रॉकेलमध्ये भिजवू नये, रबर खराब होते. नवा व्हॉल्व्ह आणि बुजलेली नळी ही जोडी म्हणजे पैसे पाण्यात.

७) नवे ग्रोमेट बसवून त्याला बोटाने थोडे इंजिन ऑईल लावावे व व्हॉल्व्ह दाबून बसवावा. दिशा महत्त्वाची आहे : वायू क्रँककेसकडून मेनिफोल्डकडेच जायला हवा. बाण असल्यास तो मेनिफोल्डच्या दिशेने असावा. व्हॉल्व्ह उलटा बसला तर वाट बंद होते व गळती पूर्वीपेक्षा वाढते. आट्यांचा व्हॉल्व्ह आधी हातानेच फिरवावा. मेनिफोल्ड बहुधा ॲल्युमिनियमचा असतो, जोर लावला तर आटे मरतात.

८) नळी पूर्ण आत सरकवून क्लिप लावावी. हत्यारे आणि फडकी मोजून बाहेर घ्यावीत. इंजिन सुरू करून दहा-पंधरा मिनिटे चालू द्यावे. सूं-सूं आवाज नाही, इंजिन स्थिर आहे, हे पाहावे. टॅपेट कव्हरवरचे जुने ऑईल पुसून ठेवावे, म्हणजे नवी गळती झाली तर लगेच कळेल. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर डिपस्टिकने ऑईलची पातळी तपासावी.

याच वेळी एअर फिल्टरही पाहावा. कापडाच्या आणि सुताच्या बाजारात फिरणाऱ्या गाडीच्या फिल्टरवर रोंवा लवकर जमतो. फिल्टर बुजला तर स्वच्छ हवेची वाट अडते. ऑईल काळे व चिकट झाले असेल तर तेही बदलून टाकावे.

हे जुगाड टाळावेत

एअर फिल्टर तेलकट होतो म्हणून ब्रीदरची नळी काढून रस्त्याकडे लोंबती सोडण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. यामुळे रोग लपतो, बरा होत नाही. उघड्या तोंडातून धूळ इंजिनमध्ये शिरते आणि वास गाडीत येतो. नळीत बोल्ट ठोकून तोंड बंद करणे तर त्याहून घातक, कारण मग दाब सील फोडूनच बाहेर येतो.

ही कृती साध्या पेट्रोल इंजिनसाठी आहे. डिझेल आणि टर्बो इंजिनांची व्यवस्था वेगळी असते. काही नव्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरच्या आतच पडद्याच्या रूपात असतो. तो हलवून तपासता येत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या केंद्रातच जावे.

इंजिन खरोखर थकले असेल तर

व्हॉल्व्ह, नळी आणि फिल्टर ठीक असूनही कागद बाहेर ढकलला जात असेल, वेग वाढवताना निळा धूर निघत असेल आणि ऑईल कमी होतच असेल, तर रिंगा झिजल्या असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा कॉम्प्रेशन मोजून घ्यावे व मगच निर्णय घ्यावा. केवळ सकाळी सुरू करताना निळा धूर निघून मग थांबत असेल, तर बहुधा इंजिनच्या व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात. त्यासाठी रिंग-पिस्टनला हात लावण्याची गरज नसते. म्हणजे होकार देण्यापूर्वी पुरावा मागावा. व्यापारात आपण मोजल्याशिवाय माल घेत नाही, मग न मोजता इंजिन का खोलू द्यावे?

गॅरेजच्या धंद्यात आपले असंख्य बांधव आहेत. त्यांच्या हुनराची आम्हाला कदर आहे, आणि हा लेख त्यांच्या विरोधात नाही. उलट जो उस्ताद आधी लहान व्हॉल्व्ह तपासून ग्राहकाला म्हणतो, "भाई, मोठ्या कामाची गरज नाही," त्याची त्या दिवसाची मजुरी कमी होईल, पण तो ग्राहक आयुष्यभर त्याच्याच दारात येईल आणि दहा जणांना घेऊन येईल. शागीर्दांनाही हीच तपासणी आधी शिकवावी.

गाडी विकणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. क्रँककेसमध्ये दाब आहे हे माहीत असताना नळी लपवून, वरून टॅपेट कव्हर चकाचक पुसून गाडी विकणे म्हणजे मालातील ऐब लपवणे होय. अशा पैशात बरकत शोधू नये. ऐब सांगून किंमत ठरवावी.

गाडीसाठी एक छोटी वही ठेवावी. ऑईल कधी बदलले, किती कमी झाले, व्हॉल्व्ह कधी तपासला, याची तारखेसह नोंद करावी. प्रत्येक ऑईल बदलाच्या वेळी या व्हॉल्व्हकडे नजर टाकण्यास पाच मिनिटे पुरतात. बदलण्याची मुदत गाडीच्या पुस्तकात पाहावी. हलाल कमाईतून घेतलेले साधन ही अल्लाहने दिलेली नेमत आहे. तिची निगा राखणे आणि फिजूलखर्ची टाळणे ही आपली जबाबदारी आहे. येत्या सुट्टीच्या दिवशी सीट उचलून एकदा कागदाची तपासणी करून पाहावी, इन्शाअल्लाह सीझनमध्ये गाडी दगा देणार नाही.